पुन्हा एकदा संमतिपत्र

ज्या शस्त्रक्रियेने सात वर्षांपूर्वी माझ्या जठराचा पाऊण हिस्सा कायमचा खारीज केला आणि जिना चढताना धाप लावणारे ४४ किलो ओझे उतरविले, तिच्या जमाखर्चाची वही आज उघडली, तेव्हा त्यातील २१ किलो बिनबोभाट परत वसूल झालेले आढळले. पोळीचा घास अडतो, बासुंदी मात्र बिनदिक्कत उतरते. ही पळवाट मला पहिल्याच वर्षी गवसली होती, हे कबूल.

डॉक्टर म्हणतात, जठराची उरलेली नळी कालांतराने सैलावते. क्षुधा चाळविणारे घ्रेलिन जेथे मुख्यत्वे स्रवते तो भाग गेला, तरी देह आपला जुना वहिवाटीचा हक्क सोडीत नाही. आता जठराचा बायपास केल्यास वजनाबरोबर छातीतील जळजळही बहुधा शमेल. पण दुसऱ्या खेपेची जोखीम पहिलीहून अधिक, आणि लोह, बी-१२ यांचा खर्च तैनाती फौजेसारखा आजन्म!

परिचितांच्या लेखी हा सारा माझ्या जिव्हेचा गुन्हा; कबुलीजबाब देऊनही ती फिर्याद मला समूळ मान्य नाही.

संमतिपत्र मेजावर आहे. सही केलेली नाही. उद्या एंडोस्कोपी.