शेवट कुठे करायचा?

तर झालं असं की, मागच्या शनिवारी देवळीला घरी गेलो होतो आणि आईला ‘नविलेरा’चा शेवटचा भाग दाखवायला बसलो. ही २०२१ची कोरियन मालिका, एकूण १२ भाग. सत्तर वर्षांचा एक निवृत्त पोस्टमन बॅले शिकायला जातो आणि त्याला अल्झायमर आहे. सबटायटल्स वाचून मी मराठीत सांगत होतो, म्हणजे आमचा घरगुती डब :-)

शेवटी म्हातारा स्टेजवर ‘स्वान लेक’ नाचतो. टाळ्या! मी म्हटलं, बस्स, इथेच संपायला हवं होतं. पण मालिका पुढे जाते. काही वर्षांनी त्याला शिकवणारा पोरगा रेल्वे फाटकापाशी भेटतो, तोवर म्हातारा बरंच विसरलेला. हे कशाला दाखवायचं?

आई म्हणाली, "टाळ्या वाजल्या का संपलं? मंग विठाबाईचं कुठी संपवशीन तू?"

विठाबाई नारायणगावकर. १९५७ आणि १९९०, दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव. भर तमाशात आत जाऊन बाळंत झाली आणि परत बोर्डावर येऊन नाचली, असं सांगतात. सिनेमा काढला तर आपण तिथेच संपवू. पण २००२च्या जानेवारीत ती गेली, तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भरावं लागलं. तिच्या नावाचा सरकारी जीवनगौरव पुरस्कार नंतर आला.

"टाळ्या वाजवून लोकं घरी जाते," आई म्हणाली. "मंग तिच्यापाशी कोण रायते?"

मी गप्प. कारण त्या वेळी मी बाबांना एक गोष्ट सांगायला आलो होतो. गेले सहा महिने ते भजनात ओळी विसरतात. ‘आता मंडळात जाऊ नका, लोक हसतील,’ हे वाक्य मी पुण्याहून पाठ करून आणलं होतं.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर मंडळात गेलो. बाबांनी एकच कडवं दोनदा म्हटलं. शेजारच्या काकांनी टाळ न थांबवता पुढची ओळ उचलली, बाबा त्यात मिसळले. कोणी हसलं नाही. लाज फक्त मलाच वाटत होती.

वाक्य तसंच परत घेऊन आलो. आईशी वाद मात्र हरलोय, हे तिला अजून सांगितलेलं नाही. असो. आता महिन्यातून एक शनिवार देवळीचा. बाबांच्या शेजारी बसायचं तर ओळी मला पाठ हव्यात... सध्या दोनच अभंग येतात.