दादाचे ताट

दादाचे ताट वेगळे झाले, त्या रात्री आई जेवली नाही.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. दहावीनंतर शाळा सोडून तो गॅरेजात लागला, म्हणून आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी प्रथम मी चढले. गेल्या वर्षी गावातल्या रक्तदान शिबिरात त्याने हौसेने रक्त दिले आणि काही दिवसांनी निरोप आला : 'हिपॅटायटिस बी. तपासून घ्या.' मग सारे घर दवाखान्याच्या रांगेत उभे राहिले. आईच्या रक्तातही विषाणू निघाला. बाबांना लागण नव्हती. त्यांनी लस घेतली. माझा अहवाल मात्र निराळाच. विषाणू माझ्याही अंगात येऊन गेला होता. शरीराने त्याला कधी हुसकावले, मला कळलेही नव्हते.

आजी म्हणाली, "पोरगी पुण्याची." शेजाऱ्यांनी दादाच्या नावावर दारू लावली, त्याने थेंबही कधी शिवलेला नाही. आणि आई एकच घोकत बसली, "माझ्यामुळंच झालं."

एकच कूस, एकच घर. मग तो का आणि मी का नाही? डॉक्टर म्हणाले, "आधी वय बघायचं. जन्मताना लागण झाली, तर १० पैकी ९ बाळांत विषाणू ठाण मांडतो. मोठेपणी झाली, तर १०० पैकी पाचांतसुद्धा नाही. तुम्हा दोघांना ती कधी झाली, ते आता सांगता येणार नाही. पण काही वाटा आनुवंशिकतेचाही असतो."

मी कला शाखेची विद्यार्थिनी. तरी ग्रंथालयात बसून जमेल तसे वाचले. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाच्या जनुकांचा पुंजका आहे. त्यांपासून घडणारी प्रथिने विषाणूचे तुकडे पेशीच्या उंबऱ्यावर मांडतात, तेव्हा शरीराचे पहारेकरी चोर ओळखतात. ही प्रथिने माणसागणिक वेगळी. १९९५ मध्ये गांबियातील आणि २००९ मध्ये जपानमधील रुग्णांवरचे अभ्यास प्रसिद्ध झाले. या जनुकांचे काही प्रकार असलेल्यांत आजार कायमचा राहण्याचे प्रमाण कमी आढळले. सख्ख्या भावंडांत हा पुंजका दोन्ही बाजूंनी जुळण्याची शक्यता चारात एक. एका कुशीतून येतानाही शिदोरी वेगळी असू शकते!

गंमत म्हणजे हा विषाणू सापडला तोच वारशाच्या शोधात. अमेरिकेचे बारूक ब्लूमबर्ग रक्तातले आनुवंशिक फरक धुंडाळत होते. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात त्यांना अनोळखी प्रथिन दिसले. आधी तेही वारशाचेच वाटले. निघाले विषाणूचे वेष्टन. १९७६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एका संध्याकाळी हे सारे मी घरी सांगितले. म्हटले, "आई, तुलाही तो कुठून आला, तुला कुठं ठाऊक होतं? यात दोष कुणाचा? आणि ताटावाटीतून तो लागत नाही." आजी जपमाळ ओढत राहिली. दादा हसून म्हणाला, "म्हणजे चांगली पानं तुला आली."

मला हसता आले नाही. माझी फी त्याच्या काळ्या हातांतून येते. मी पुण्याची नाही आणि तो पापी नाही, एवढेच त्या पुस्तकांनी मला शिकवले.

आता दादा दर सहा महिन्यांनी तपासणीला जातो. त्या संध्याकाळी आईने काही न बोलता कोपऱ्यातले त्याचे ताट उचलले, आमच्या ताटांबरोबर घासले आणि एकाच फळीवर पालथे घातले.