केळापूर तालुक्यातली एक एस.टी.

यवतमाळच्या बसस्थानकावर गाडीची वाट पाहताना पाट्या वाचत बसायचा मला जुना नाद आहे. जिल्ह्यात तालुके सोळा. त्यांतल्या पाच नावांत ळ आहे: यवतमाळ, कळंब, बाभूळगाव, राळेगाव, केळापूर. आणि आमच्या वऱ्हाडी तोंडात नेमका ळ टिकत नाही, त्याचा य होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. शाळेला तर आम्ही शायाच म्हणतो.

या ळपायी मी लहानपणी पुष्कळ मार खाल्ला. पाचवीत असताना पाटीवर ‘शाया’ लिहिले, तेव्हा गुरुजी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “तुमच्या तोंडात ळ बसायचाच नाही.” तुमच्या म्हणजे कोणाच्या, हे वर्गातल्या प्रत्येकाला कळले होते. पुढे नोकरी लागली, पोरेबाळे शिकली, तरी चारचौघांत अर्ज लिहायची वेळ आली की माझा हात अजून अडखळतो.

म्हणून धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा पोटात कालवले. “दादा, पोरगी शायेत जात नाही म्हनते. शुद्धलेखन आलं का सारे हासते तिले.” भाची चौथीत. दुसऱ्याच दिवशी गाडी धरली.

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. तिथे उतरून आत जायचे. दोन्ही अंगाला कपाशी, मधून तुरीच्या ओळी, आणि टेकाडाच्या पायथ्याशी कोलामांचे पोड. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोचलो तर कळले, की आधीच्या गुरुजींची बदली होऊन आठवड्यापूर्वीच नव्या बाई आल्या आहेत. भाची वर्गात होती. भिंतीला टेकून होती, पण होती.

वर्गात आमच्या वस्तीतली पोरे, कोलामांची, बंजाऱ्यांची, सगळी मिसळून. कोलामी ही तेलुगूच्या कुळातली, द्राविड भाषा. बंजाऱ्यांची गोरमाटी राजस्थानीच्या जवळची. आमची वऱ्हाडी. पुस्तकातली मराठी यांपैकी एकाच्याही घरात बोलली जात नाही. ऐकले तसे लिहा म्हटले तर तीन तऱ्हेचे लेखन होणार, आणि त्यात मुलांची चूक काय?

बाईंनी ‘अशुद्ध’ हा शब्द वर्गातून काढूनच टाकला होता. फळ्यावर दोन रकाने: ‘घरचा शब्द’ आणि ‘पुस्तकातला शब्द’. डोया–डोळा, पानी–पाणी. दोन्ही मोठ्याने वाचायचे. मला ते फार बरे वाटले. साहित्य महामंडळाचे जे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले त्यांचे नावही ‘मराठी लेखनविषयक नियम’ असेच आहे, शुद्ध-अशुद्ध आपण मागाहून चिकटवतो. तेव्हा ते चौदा होते, १९७२ साली चार वाढून अठरा झाले. त्याआधी लोक ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ लिहीत आणि तेच बरोबर धरले जाई. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला त्या काळी छापलेले कोणतेही पान आजच्या मास्तराने तपासले तर तांबड्या शाईने भरून जाईल!

मग सुरू झाली एस.टी. दोन ओळींत पोरे बसली, एकजण कंडक्टर. तिकिटे जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली. एकेकावर एकेक शब्द: पूल, मूल, चूल, वीट, फूल, जीभ. ज्याला तिकीट मिळेल त्याने पाय लांब पसरून बसायचे, कारण शब्द दीर्घ आहे. मग कंडक्टर दुसरा उतारू पाठवतो. त्याच्या तिकिटावर ‘चा’, ‘ला’, ‘वर’, ‘त’ असले काही. तो शेजारी बसला की पहिल्याने पाय आखडायचे आणि नवा शब्द फळ्यावर लिहायचा. पुलावर. मुलाला. चुलीत. विटेचा. गर्दीच्या गाडीत प्रवास केलेल्या पोराला हे दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

तीन अक्षरी शब्दांत आणखी मजा. कापूस चढला, ‘चा’ आला, तर ऊने पाय आखडले नाहीत, तो गाडीतून उतरूनच गेला: कापसाचा. लाकूड, लाकडाचे. पाऊस, पावसाचा. एका कोलाम पोराने मात्र बाईंना अडवले. मजूर का उतरत नाही? मजुराचा म्हणतो, मजराचा नाही. बाईंनी उत्तर दिले नाही, पोरांनाच तसले आणखी शब्द शोधायला लावले. गरीब–गरिबाचा, वकील–वकिलाचा सापडले. हे कचेरीच्या वाटेने आलेले, फारसी-अरबीतले शब्द. ते बहुधा पाय आखडतात पण जागा सोडत नाहीत. (बहीण आपली घरचीच, पण तीही उतरत नाही. बहिणी कुठे ऐकतात!)

संध्याकाळी विहारात अभ्यासाला पोरे जमली. बाबासाहेबांनी पाली शब्दकोशाचे केवढे काम केले ते मी त्यांना सांगितले. तो कोश शासनाने त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापला आहे, आणि त्यात पाली शब्दांचे मराठी अर्थही आहेत. मग सकाळच्याच पत्रिकांच्या पाठीवर जोड्या लिहिल्या. एका चिठ्ठीवर पाली, दुसरीवर मराठी, सगळ्या उपड्या ठेवायच्या आणि जोडी जुळवायची. कम्म–काम, सत्त–सात, अट्ठ–आठ, हत्थ–हात, सप्प–साप. मराठी काही थेट पालीची लेक नव्हे, ती महाराष्ट्री प्राकृताच्या घरची, पण नाते जवळचे आहे.

चार जोड्या झाल्यावर भाची पहिल्यांदा बोलली. “मामा, जोडाक्षर सुटलं का आधीचं अक्षर लांब होते.” मी तिच्यापुढे ‘दुद्ध’ टाकले. पालीत दुद्ध म्हणजे दोहलेले. तिने कोरी चिठ्ठी घेतली आणि दू दीर्घ काढून ‘दूध’ लिहिले. हा दू दीर्घ का, हे मला पन्नाशी उलटली तरी कोणी सांगितले नव्हते. आम्ही तो नुसता घोकला होता.

सकाळी नागपूरच्या गाडीत बसवायला ती आली. खिडकीतून एक चिठ्ठी आत दिली: ‘मामा नागपुरात पोचल्यावर फोन कर. दिवाळी झाली की आमच्या शाळेत ये.’ पु ऱ्हस्व होता, ळ दोन्हीकडे जागेवर होता. मी म्हटले, वाचून दाखव. तिने खालून मोठ्याने वाचले, “दिवाई झाली का आमच्या शायेत ये.”