टेन्शन सैल कर गो!

सहावी सुई तुटली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. टक् असा आवाज झाला, टोक उडून कपाटाखाली कुठेतरी गेलं आणि आतल्या खोलीतून रूममेट ओरडली, "बाई गं, आता तरी झोप!" टेबलावर माझं वीकेंड प्रोजेक्ट पसरलं होतं. गोधडी. तीही डेनिमची!

आयडिया माझीच. आठ-दहा वर्षांत जमलेल्या पाच जीन्स कपाटात पडून होत्या. एक मांडीवर विरलेली, एक कॉलेजातली, जिने माझ्या कंबरेशी बोलणं कधीच बंद केलंय. सगळ्यात महागडी मी पहिल्या पगारातून लोअर परळच्या फिनिक्समध्ये घेतलेली. घालता येत नव्हत्या, टाकवतही नव्हत्या. त्यातच लालबागहून बातमी आली की आजीची चाळ रीडेव्हलपमेंटला चाललीय. दिवाळीच्या आत खोल्या रिकाम्या करायच्या. नवी इमारत होईपर्यंत आजी काकाकडे डोंबिवलीला. बिल्डर म्हणतो तीन वर्षं. आजी सत्त्याहत्तरची आहे. हा हिशोब आमच्या घरात मोठ्याने कुणी करत नाही.

म्हटलं, तिच्यासोबत आपण शिवलेली एक गोधडी जायला हवी. वरून जीन्सचे चौकोन, खालून तिच्याच जुन्या सुती साडीचं अस्तर. झक्कास!

आता प्रश्न मशीनचा. इथे मी तीच चूक केली, जी तुम्हीही कराल. मशीन मोबाइलसारखं निवडलं. फीचर्स किती? वीसच्या वर टाके, पानाफुलांची नक्षी, काज करायची सोय, पांढरीशुभ्र बॉडी, आतमध्ये इवलासा दिवा. दुकानातल्या मुलाने पातळ मलमलीवर डेमो दिला. मशीन लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं. मी तिथल्या तिथे हप्ते बांधून घेतले. मला डेनिम शिवायचंय हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

घरी पहिले चौकोन व्यवस्थित जोडले गेले. दोन थर, काही त्रास नाही. गाडी अडली ती चौकोनांच्या चार कोपऱ्यांवर. दोन शिवणी एकमेकींना भिडतात तिथे आतली सोडलेली पट्टी दुमडून दुमडून सहा थर होतात. त्यात जीन्सची मूळची दुहेरी शिवण मध्ये आली की आठ-नऊ. माझं मशीन त्या उंचवट्यापाशी येऊन गुरगुरायचं, एकाच जागी दहा टाके घालायचं, खालचा दोरा गुंतवायचा आणि सुई मोडायचं. रूममेट म्हणाली, "टेन्शन सेट कर." मी ते घट्ट केलं. मग दोराही तुटायला लागला.

रविवारी अर्धवट गोधडी पिशवीत कोंबून दादरहून लालबाग गाठलं. सरप्राइज गेलं खड्ड्यात. भारतमाता थिएटरपाशी उतरले. मसाल्याच्या दुकानांतून येणाऱ्या मिरचीच्या खाटाने नेहमीप्रमाणे दोन शिंका दिल्या आणि मी आजीच्या दहा बाय बाराच्या खोलीत शिरले. निम्मं सामान बांधून झालेलं. कोपऱ्यात तिचं काळं पायमशीन, नेहमीसारखंच चादरीखाली. त्यावर टीव्ही, टीव्हीवर गणपती. लहानपणापासून मी त्याला टेबलच समजत आले होते.

आजीने माझा तुकडा हातात घेतला, कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि विचारलं, "ठोकलंस काय?"

"काय ठोकलं?"

तिने खलबत्त्यातला बत्ता आणला. पाटावर जुनं फडकं टाकून त्यावर माझ्या गोधडीचा कोपरा ठेवला आणि चार-पाच टोले हाणले. तो गठ्ठा बघता बघता चपटा झाला. मग टीव्ही खाली उतरवून चादर काढली. मशीनला तेल पाजलं. चामड्याचा पट्टा सुकून कडक झाला होता, म्हणून पायाने चालवणं शक्यच नव्हतं. तिने सरळ उजव्या हाताने चाक फिरवायला सुरुवात केली. एक टाका, मग दुसरा. उंचवट्यापाशी फूट पुढून वर उचललं जातंय असं दिसताच तिने त्याच्या मागच्या बाजूला कापडाची एक घडी सरकवली. फूट सपाट बसलं आणि सुई सगळ्या थरांतून शांतपणे आरपार गेली.

"सुई अठरा नंबरची घे," ती म्हणाली. "टाका मोठा ठेव. आणि वरचं टेन्शन जरा सैल कर गो. जाड कापडाला घट्ट धरलंस तर तुटणारच."

मी फोन काढला. लेख तयारच होता की! आजीचं जुनं मशीन, नातीची डेनिम, दोन पिढ्यांना जोडणारा धागा. एडिटर खूश. विचारलं, "आजी, तू या मशीनवर किती छान छान गोष्टी शिवल्या असशील ना?"

आजी चाक फिरवायची थांबली. "हौसेनं एक नाय."

मग तिने जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला मी यावर प्रोजेक्ट केलंय, स्लाइड्ससकट. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, ही माझी शेवटची स्लाइड होती. चांगले मार्क मिळाले होते. पण त्या अडीच लाखांत माझे आजोबा होते आणि त्या महिन्यांत घर कसं चाललं, हे विचारायला मी लालबागला गेले नव्हते.

आजीने मंगळसूत्रातले मणी मोडून हे मशीन जुनं घेतलं. आधी परकर शिवले, डझनावर. व्यापाऱ्याचा माणूस कापलेला माल टाकून जायचा आणि शिवलेला मोजून न्यायचा. मग कळलं की कॅनव्हासच्या थैल्यांना दोन पैसे जास्त मिळतात. जाड काम, म्हणून कुणी घेत नसे. तिने घेतलं. दिवसा स्वयंपाक, पाणी, पोरं. रात्री सगळे झोपले की मशीन. खालच्या मजल्यावरची बाई आवाजाची तक्रार करायची, म्हणून पायाखाली गोणपाट घातलेलं. बत्त्याने शिवण ठोकणं, फुटामागे घडी सारणं, चढावर हाताने चाक फिरवणं, ही सगळी अक्कल त्या थैल्यांनी शिकवली. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं तिचं नख वाकडं आहे. मला वाटायचं जन्मतःच असेल. ती सुई होती, नखातून आरपार.

"मग हे डोंबिवलीला न्यायचं ना?" मी विचारलं.

"भंगारवाल्याला सांगितलंय. गुरुवारी येतो."

मला धक्काच बसला. अहो, लोअर परळच्या कॅफेत अशा मशीनच्या लोखंडी स्टँडवर संगमरवर ठेवून त्याचं टेबल करतात. त्यावर मी कॉफी प्यायलेय, फोटोही टाकलाय! आजीला हे सांगितलं तर ती खो खो हसली. म्हणाली, "त्यांचे गुडघे बघ कसे आहेत ते."

गांधीजींची गोष्ट मला तेव्हा आठवली. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राचा मात्र अपवाद केला होता. सिंगरने बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहिले आणि ते वाचवायला प्रेमापोटी यंत्र बनवलं, असं त्यांचं म्हणणं. मी मोठ्या उत्साहाने आजीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वाचले असतील तिचे. आमचे वाढले." हाताने शिवून दिवसाला जेवढं झालं असतं त्याच्या कितीतरी पट थैल्या मशीनवर व्हायच्या, आणि म्हणून कितीतरी पट अंगावर यायच्या.

माझा लेख तिथेच बारगळला. एक मन म्हणत होतं, तिचं मशीन आहे, तिला नकोय, जाऊ दे. दुसरं म्हणत होतं, ते कोपरे कोण शिवणार? शेवटी खरं तेच बोलले. "आजी, मला दे. आठवण म्हणून नको. मला ते कामाला हवंय."

तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "कामाला म्हणजे? पोट भरायला?"

"नाही गं. हौसेला."

"मग ने. पण आधी मोटर बसव."

परळच्या एका मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांकडे टेम्पोने ते नेलं. लोखंडी स्टँड उचलायला दोन माणसं लागली. काकांनी तासाभरात मला जे ज्ञान दिलं ते मशीन घेण्याआधी मिळायला हवं होतं. म्हणून तुम्हाला देतेय.

पहिलं म्हणजे वेग आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी. टेलर ज्याला सरसकट 'जुकी' म्हणतात ते कारखान्यातलं मशीन मिनिटाला पाच हजारांच्या आसपास टाके घालतं. पण त्यातही हलक्या आणि जाड कापडाची मॉडेल्स वेगळी असतात. शर्टाचं मशीन घेऊन त्यावर बॅगा शिवायला बसाल तर तेही रडेल. शिवाय त्याला वेगळं टेबल लागतं, आणि जुन्या पद्धतीची क्लच मोटर असेल तर ती सतत घूं घूं करते. फ्लॅटमध्ये वापरायचं तर सर्व्हो मोटर घ्या. रोज बॅगा, लेदर, रेक्झिन शिवणार असाल तर वॉकिंग फूटचं मशीन बघा. त्यात खालच्या दातांबरोबर वरचं फूटही कापड पुढे ढकलतं, त्यामुळे थर एकमेकांवरून सरकत नाहीत.

वर्षाला दोन जीन्स आखूड करायच्या आणि एखादी बॅग शिवायची, तर एवढ्याची गरज नाही. घरगुती मशीन चालेल. पण दुकानात जाताना आपलंच कापड घेऊन जा. जीन्सचा पाय, शिवणीसकट. तो दुमडून आठ थर करा आणि त्यावर डेमो मागा. सगळ्यात हळू वेगातही सुई आरपार जाते का बघा. फूट किती वर उचललं जातं बघा. त्याचा दाब कमी-जास्त करता येतो का विचारा. आतली चौकट धातूची आहे ना, याची खात्री करा. टाक्याची लांबी चार मिलिमीटरपर्यंत जायला हवी. टाक्यांचे प्रकार किती, हे सगळ्यात शेवटी विचारा. मी माझ्या वीसपैकी तीनच वापरलेत.

आणि घरात काळं मशीन पडून असेल तर ते विकायच्या आधी एकदा चालवून बघा. फक्त सरळ टीप मारतं, झिगझॅग वगैरे नखरे नाहीत. पण आतले भाग लोखंडाचे, सुटे भाग अजून मिळतात, आणि बाजूला लावायची छोटी मोटर दोन हजारांच्या आत येते. एक लक्षात ठेवा, मोटर बसवली तरी उंचवट्यावर हाताने चाक फिरवायचं. सुईचे नंबरही पाठ करून टाका: साध्या सुती कापडाला चौदा, जीन्सला सोळा, थर वाढले की अठरा. पांढरं मशीन मीही विकलेलं नाही. पातळ कापडाला ते खरंच छान आहे. बिचाऱ्याला मी चुकीच्या परीक्षेला बसवलं होतं.

खोली रिकामी करायच्या आदल्या आठवड्यात आजी दोन दिवस माझ्याकडे दादरला राहायला आली. गोधडीची शेवटची बाजू राहिली होती. मी मुद्दाम ठेवली नव्हती, खरंच डेडलाइन होती. आजी खुर्चीवर बसली. पायाशी मोटरचं पेडल. जुन्या सवयीने तिने दोन्ही पाय पुढे घेतले, मग एक मागे ओढला. हळूच दाबलं. मशीन सुर्रकन धावलं. ती दचकली, हात वर केले. मग पुन्हा दाबलं. अख्खी बाजू एका दमात शिवून काढली. कोपऱ्यापाशी पाय उचलला, हात चाकावर, तीन टाके हाताने, परत पेडल. गुडघ्याला काही नाही. दोरा तोडताना म्हणाली, "तेव्हा ही असती तर..." आणि पुढे काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. तेव्हा ही असती तर थैल्या दुप्पट आल्या असत्या, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

गोधडी उलटसुलट करून तिने तपासली. फिनिक्सवाल्या जीन्सचा खिसा मी एका चौकोनात तसाच ठेवला होता. त्यात हात घालून बघितला. माझ्या दोन टिपा वाकड्या होत्या, त्या बोटाने दाखवल्या. उसवायला सांगेल असं वाटलं होतं, पण नाही सांगितलं.

गोधडीची घडी घालून ती मांडीवर ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत, अगदी व्यापाऱ्याच्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "चांगली झालीय. डझनाला काय देणार बोल."