घराचा हप्ता

मालेगावात शौहरचे यंत्रमाग बंद पडले आणि घराचा हप्ता माझ्या एकटीच्या पगारावर आला. दोन हप्ते थकले. थकबाकीचे ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादित ठरते; मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर घराचा ताबा.

बँकेने पुनर्रचनेचा कागद पुढे केला. बाकी आठ लाख, व्याज नऊ टक्के. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे १०,१३० रुपये, वीस वर्षांत ७,२००. हप्ता हलका होतो, पण एकूण पाच लाख जास्त जातात.

सासूबाई म्हणाल्या, "बेटी, सूद वाढवून घर वाचवायचं?" प्रश्न खरा होता. अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्या, असे कुरआन सांगतो. बँकेची सवड व्याजासकट येते. पण घर गेले तर भाडे तरी कुठून भरणार?

कर्ज तरत्या व्याजदराचे आहे, म्हणजे मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. भत्त्याची थकबाकी मिळाली की ती मुद्दलात भरायची, असे आम्ही दोघांनी ठरवले आणि मी सही केली. वीस वर्षे कागदावर आहेत. आमचा हिशेब बारा वर्षांचा आहे.