घरात फोन एक, शिकणारी तिघं

घरातला स्मार्टफोन आज कोण घेऊन गेलं, हा हल्ली शिक्षणाचाच प्रश्न झाला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, नोट्स व्हॉट्सअॅपवर, निकाल पोर्टलवर. फी कॉलेजने घ्यायची आणि साधन मात्र विद्यार्थ्याने घरून आणायचे!

आम्ही काही नोकरदार कार्यकर्ते दर रविवारी वस्तीतल्या विहारात मुलांचे अर्ज भरायला बसतो. सगळ्यात जास्त वेळ खातो तो ओटीपी. सगळ्या घराच्या आधारला नंबर एकच, वडिलांचा. आणि वडील बांधकामावर, परांचीवर उभे. ओटीपीची मुदत दहा मिनिटे. पोरगी फोन लावते, रिंग वाजून वाजून थांबते. एका मुलीचा अर्ज असा तीन रविवार अडला. शेवटी तिची आईच म्हणाली, "भाऊ, नंबर पोरीचाच लावता येत नाही का?" येतो. आधार केंद्रावर जाऊन मुलाचा स्वतःचा नंबर जोडून घ्या. हे काम बारावीच्या सुट्टीतच उरकावे.

लॅपटॉपची गोष्ट एवढी सोपी नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या मार्च २०२१च्या केंद्रीय नियमांत, घरून ये-जा करणाऱ्या बी.ए., बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला वर्षाला ३,००० रुपये भत्ता धरला आहे. साधा नवा लॅपटॉप तीस हजारांच्या घरात. आम्ही पडलो कारकून, हिशेब चटकन होतो: दहा वर्षांचा भत्ता साठवा, मग एक लॅपटॉप घ्या. पदवी तर तीन-चार वर्षांत संपते.

कोणी म्हणेल, मोबाईलवर भागते की. लेक्चर ऐकण्यापुरते भागते. टॅली, एक्सेल, प्रोजेक्टचे टायपिंग बोटभर पडद्यावर कोणी शिकून दाखवावे! २०१७-१८च्या सरकारी पाहणीत देशातल्या शंभरातल्या जेमतेम अकरा घरांत संगणक होता, खेड्यांत चार-पाच घरांत. तरी ऑक्टोबर २०२०मध्ये मुंबई विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन झाल्या. आमच्या वस्तीतल्या एका मुलाने शेजारच्या काकूंचा फोन तासाभरासाठी मागून पेपर दिले. काकूंनी तेवढा वेळ फोन घ्यायचा नाही असे सगळ्या नातेवाइकांना आधीच कळवले होते!

कॉलेजात संगणक नसतात असे नाही. पण अनेक ठिकाणी लॅबला संध्याकाळी पाचच्या आत कुलूप लागते, आणि आपली मुले त्या वेळी दुकानात, कुरियरवर, घरकामावर असतात. १९४६मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. आज लॅबच्या वेळेचे तसेच व्हायला हवे: सकाळी सातला उघडावी, रात्री आठपर्यंत चालू ठेवावी, परीक्षेच्या महिन्यात रविवारीही. ग्रंथालयातून पुस्तक मिळते तसे आठवड्याच्या बोलीवर दोन-चार लॅपटॉपही मिळावेत.

प्राचार्यांना द्यायच्या अर्जाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. येत्या रविवारी पालकांनी सह्यांसाठी विहारात यावे. मुलांचे ओळखपत्र सोबत आणावे, आणि जमल्यास वडिलांचा फोनही!