नडगी आणि पाळी

नवऱ्याची बदली लखनौ छावणीत झाली, तशी मी साताऱ्याचा फिजिओथेरपीचा दवाखाना आवरून इकडे आले. आता गोमतीनगरात बसते. माझ्याकडे भरतीसाठी पळणारी पोरं-पोरी फार. उत्तर प्रदेश पोलीस भरतीत मुलांना २५ मिनिटांत ४.८ किलोमीटर पळावं लागतं, मुलींना १४ मिनिटांत २.४. आपल्याकडे १६०० आणि ८०० मीटर. जाहिरात निघाली की ही मुलं एकदम अंतर वाढवतात, तेही डांबरी रस्त्यावर, तळ झिजलेल्या बुटांत. मग नडगी धरते.

नडगी लांबवर हुळहुळत असेल तर मी फारशी घाबरत नाही. पण हाडावरून अंगठा फिरवताना रुपयाएवढ्या एकाच जागी पोरगी कळवळली, की हाडाला बारीक चीर गेल्याची शंका येते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो. घरचे म्हणतात, काही नाही झालं, पळ. चीर एमआरआयत दिसते.

रायबरेलीकडची एक मुलगी अशीच आली. धावपटू सुधा सिंग तिच्याच जिल्ह्यातली. लखनौच्या स्पोर्ट्स कॉलेजात घडली आणि २०१० साली ग्वांगझूच्या एशियाडमधून स्टीपलचेसचं सुवर्ण घेऊन आली. मी माणदेशाची, धावपटू ललिता बाबरच्या तालुक्यातली. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुधा आणि ललिता दोघी स्टीपलचेसमध्ये होत्या. त्यावरून आमची गट्टी जमली, आणि आईला बाहेर बसवून मी पाळीचं विचारलं.

कित्येक महिने आलीच नव्हती. तिला वाटत होतं, सराव चांगला चाललाय म्हणून थांबली! हे मी किती मुलींकडून ऐकलंय, आणि दरवेळी जीव तुटतो. पळण्याच्या मानाने पोटात कमी गेलं की शरीर पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन घटतं, हाड कमजोर होतं. सकाळी नुसत्या चहावर पळायचं आणि वजन वाढेल म्हणून रात्रीची पोळी सोडायची, असा तिचा दिवस होता. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

एमआरआयत चीर निघाली. डॉक्टरांनी सहा ते आठ आठवडे पळणं बंद केलं. पाळीसाठी मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. "दीदी, भरती निकल जाएगी," म्हणत ती रडली. वडिलांना मी सायकल चालेल म्हणून सांगितलं, आणि पळण्याआधी सत्तू, नंतर डाळभात, दूध. त्यांनी सगळं एक्स-रेच्या पाकिटावर लिहून घेतलं.

पुढच्या खेपेला ती मैत्रिणीला घेऊन आली. मैत्रिणीची नडगी दुखत नव्हती, पण पाळी थांबली होती.